हौद्याखालचा गंज

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराखाली मिठाची खाण आहे. शहराबाहेर कुठेतरी नाही, शहराखालीच. वर रस्ते, घरं आणि कारखाने, आणि त्यांच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाचे थर. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ मागे राहिलं. त्या थरापर्यंत विहीर खणायला १९०६ मध्ये सुरुवात झाली आणि १९१० मध्ये ती पूर्ण झाली. त्याच १९१० च्या जानेवारीत, डेट्रॉइटने जवळपास चारी बाजूंनी वेढलेल्या हायलंड पार्क या गावात हेन्री फोर्डचा नवा कारखाना उघडला. तीन वर्षांनी तिथेच मोटारी सरकत्या पट्ट्यावर जोडल्या जाऊ लागल्या.

म्हणजे जगाला पत्र्याच्या गाड्या देणारं शहर आणि तो पत्रा खाणारं मीठ, दोघांचा पत्ता एकच. या खाणीत लागणारी अवजड यंत्रं आणि ट्रक सुटे करून विहिरीतून खाली नेतात आणि खाली पुन्हा जोडतात, हे वाचल्यावर मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. लोखंडाशी माझा संबंध लॅपटॉपच्या स्टँडपुरता. पण माझा मामा हर्णैच्या बंदरावरून मासळी उचलतो आणि घाटावर पोचवतो. सहा वर्षांत त्याच्या पिकअपच्या हौद्याची चाळण झाली. ती का झाली हे शोधायला बसलो आणि अमेरिकेत जाऊन पोचलो. पिकअप ही मुळात तिथली गाडी. हौद्याच्या गंजाशी सगळ्यात जास्त काळ, सगळ्यात जास्त पैसा ओतून झुंजलेले लोकही तिथलेच. त्या झुंजीचा हिशेब मांडताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. त्यांनी प्रत्येक वेळी गंज हटवला, पण तो गेला नाही. जिथे कोणी बघत नाही, अशा जागी सरकला.

०००

पहिली कारखान्यात बनलेली पिकअप म्हणून सहसा फोर्डच्या १९२५ च्या गाडीचं नाव घेतात. त्याआधी शेतकरी मॉडेल टीचा मागचा भाग कापून तिथे स्वतः लाकडी खोकं ठोकायचे. फोर्डने ते बघितलं आणि एप्रिल १९२५ मध्ये ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. मागे पोलादी पत्र्याचा छोटासा हौदा, लांबी पावणेपाच फुटांच्या आत, बाजू जेमतेम १३ इंच उंच. फाळका खाली पडणारा. पहिल्याच वर्षी अशा सुमारे ३४,००० गाड्या खपल्या.

पण नंतरच्या पिकअपचे हौदे सरसकट पत्र्याचे झाले, असं घडलं नाही. अनेक कंपन्यांनी कित्येक वर्षं तळाला लाकडी फळ्याच वापरल्या. फळ्यांच्या मधल्या फटींवर पोलादी पट्ट्या आणि त्या बोल्टने कसलेल्या. शेवरोलेच्या स्टेपसाइड पिकअपला १९७० च्या दशकातही असा तळ मिळायचा. आपल्याला हे मागास वाटेल, पण यात शहाणपण होतं. फळी खराब झाली की शेतकरी बोल्ट सोडून नवी फळी घालायचा, त्याला वेल्डर लागत नसे. फटींतून पाणी खाली निघून जायचं. आणि फळी कुजली तर ती वरून दिसायची.

पुढे पिकअप नुसतं शेतीचं अवजार राहिली नाही, ती दाराशी उभी करून मिरवायची गाडी झाली. फोर्डने १९५७ मध्ये स्टाइलसाइड आणि शेवरोलेने १९५८ मध्ये फ्लीटसाइड नावाने गुळगुळीत, सरळ बाजूंचे हौदे दिले. आधी चाकावरचं मडगार्ड हौद्याच्या बाहेर स्वतंत्र असायचं, आता बाहेरच्या पत्र्याने सगळंच झाकलं. १९६० च्या दशकात दुहेरी भिंतींचे हौदे आले. आतून ओंडका आदळला तरी पोचा बाहेर दिसू नये, हा त्यामागचा विचार. जाहिरातीसाठी छान मुद्दा. पण दोन पत्र्यांच्या मध्ये एक अंधारी पोकळी तयार झाली. चाकाने उडवलेला चिखल तिथे जाऊन बसायचा आणि पाइप घालून धुतला तरी निघायचा नाही. अमेरिकेतल्या जुन्या पिकअपचे फोटो बघा. मागच्या चाकाच्या वरची कमान कुरतडलेली दिसेल. तो गंज आतून बाहेर आलेला असतो. रंगावर फुगा दिसतो, तोवर आतला पत्रा संपलेला असतो.

०००

चिखलाखालीच गंज जास्त का लागतो, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर उलटं आहे. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन, हे शाळेत शिकलो. मग जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त, असं वाटणं साहजिक आहे. १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स नावाच्या संशोधकाने लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे तपासलं. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मध्यभागी पोचत नाही. आणि लोखंड झिजलं ते मध्यभागी. थेंबाच्या आत एक छोटीशी बॅटरीच तयार होते. हवा मिळणारा भाग तिचं एक टोक, हवा न मिळणारा भाग दुसरं. त्या दुसऱ्या टोकाचं लोखंड विरघळतं आणि इलेक्ट्रॉन पहिल्या टोकाकडे जातात. मीठ या व्यवहारात स्वतः फारसं काही करत नाही, पाण्यातून वीज सहज वाहू देण्याचं काम करतं. दलालच म्हणा.

म्हणून चिखलाखाली, वॉशरखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, चटईखाली गंज जोमाने लागतो. मोकळ्या, हवेशीर पत्र्यावर तांबूस थर येतो, पण पत्रा टिकतो. झाकलेला पत्रा भोक पडेपर्यंत जातो. हे एकदा कळलं की पिकअपचा पुढचा सगळा इतिहास वेगळाच दिसायला लागतो.

आता मीठ रस्त्यावर कसं आलं ते. थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर सरसकट मीठ टाकायचं धोरण आधी न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१ च्या सुमारास घेतलं. त्या हिवाळ्यात देशभरात जेमतेम ५,००० टन मीठ रस्त्यांवर पडलं. युद्ध संपलं, उपनगरं पसरली, १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग सुरू झाले आणि हिवाळ्यातही रस्ता काळाभोर दिसला पाहिजे, ही अपेक्षा रूढ झाली. १९५५ मध्ये वर्षाला सुमारे १० लाख टन असलेला वापर १९७० पर्यंत जवळपास १ कोटी टनांवर गेला. मिठामुळे अपघात कमी झाले, रुग्णवाहिका वेळेवर पोचल्या, यात शंका नाही. पण रस्ता मोकळा करण्याचा खर्च सरकारच्या हिशेबात मीठ आणि ट्रक एवढाच दिसायचा. बाकीचा खर्च पाच-सात वर्षांनी एकेका गाडीमालकाच्या अंगणात, पत्र्याच्या भोकाच्या रूपाने निघायचा. त्याची पावती कोणी कोणाला दिली नाही.

बर्फ नसलेल्या कोकणात हे कसं लागू होतं, असं विचाराल, तर पावसाळ्यात मिठाची बरणी उघडून बघा. मीठ ओलं झालेलं असतं, आई म्हणते मिठाला पाणी सुटलं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणजे मासळीच्या खोक्यांतून गळलेलं खारं पाणी वाळलं असं वाटलं, तरी हौद्यावर राहिलेलं मीठ रात्री पुन्हा ओलं होतं. गाडी उभी असते आणि बॅटरी चालू. अमेरिकेत हल्ली रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड वगैरे द्रव फवारतात. त्याला पाणी ओढायला ३३ टक्के आर्द्रताही पुरते. त्यामुळे तिथे आता कोरड्या दिवशीही सुटका नाही.

०००

गाड्या सडायला लागल्यावर पहिला धंदा उभा राहिला तो कारखान्यांच्या बाहेर. कर्ट झीबार्ट या जर्मनीतून आलेल्या मेकॅनिकने १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्येच गंजरोधक लेप मारायचं दुकान काढलं. पद्धत अशी, की नव्याकोऱ्या गाडीच्या पोकळ भागांना ड्रिलने भोकं पाडायची, आत नळी घालून मेणासारखं रसायन फवारायचं आणि भोकं बुचांनी बंद करायची. भोकं पडू नयेत म्हणून आधी भोकं पाडा! पण विचार बिनचूक होता. झीबार्टने गंजाला त्याच्या अंधाऱ्या खोलीत गाठलं.

मग कंपन्या जाग्या झाल्या. फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांनी गाडीचा सांगाडाच रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडायची पद्धत विकसित केली. विजेमुळे रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात, आणि जिथे ब्रश किंवा फवारा पोचत नाही अशा कोपऱ्यांतही जाऊन बसतात. सुरुवातीच्या पद्धतीत सांगाडा धन टोकाला जोडलेला असायचा, त्यामुळे रंग बसता बसता थोडं लोखंडही विरघळायचं. १९७६ पासून पीपीजी कंपनीचा उलटा प्रकार मोटारींसाठी आला, सांगाडा ऋण टोकाला. आज जगभरातल्या बहुतेक गाड्यांचा पहिला थर याच जातीचा असतो.

आणि जस्त. याबद्दल मला जरा रेंगाळायचं आहे, कारण ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

१८२० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला एक अडचण सांगितली. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राच्या पाण्यात ते झिजत. डेव्हीने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. तांब्यापेक्षा हे धातू इलेक्ट्रॉन द्यायला जास्त उतावीळ, त्यामुळे झीज त्यांनी स्वतःवर घेतली आणि तांबं शाबूत राहिलं. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला. आणि फसला. कारण विरघळणारं तांबं विषारी असल्याने जहाजाच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटत नसे. तांबं विरघळायचं थांबलं आणि जहाजांच्या बुडाला जंगल उगवलं. जहाजं मंदावली आणि नौदलाने तुकडे काढून टाकले. आमच्या धंद्यात असं रोज होतं. एक बग सुटतो आणि तो बग ज्याला थोपवून धरत होता तो दुसरा मोकळा होतो.

तत्त्व मात्र पक्कं होतं. १८३७ मध्ये पॅरिसमध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचं पेटंट घेतलं. आपली जस्ती बादली आणि जस्ती पत्रा तिथून आले. खुद्द जस्त काढण्याची विद्या मात्र त्याहून कितीतरी जुनी आणि इथली. भट्टीत तयार होताच जस्ताची वाफ होऊन ते उडून जातं, म्हणून ते हाती लागणं अवघड. उदयपूरजवळच्या जावरमध्ये ही वाफ थंड करून जस्त गोळा करायचे, युरोपात तसे कारखाने निघण्याच्या कितीतरी आधी.

जस्ताचा मुलामा म्हणजे नुसतं पांघरूण नाही. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्याला कथिलाचा मुलामा असतो. त्यावर चरा पडला की उघडं पडलेलं लोखंड कथिलापायी आणखी लवकर गंजतं, कारण त्या जोडीत उतावीळ धातू लोखंड असतो. जस्ती बादलीवर चरा पडला तर आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि चऱ्याखालचं लोखंड राखतं. हौद्याच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण हौद्याला चरे पडणारच. तो त्याचा धर्म आहे. १९८० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी गाड्यांना जस्ती पत्रा मोठ्या प्रमाणावर लावायला सुरुवात केली आणि दाराला पाच वर्षांत भोक पडण्याचे दिवस बरेचसे संपले.

०००

मग मालकांनी हौद्याला आणखी जपायचं ठरवलं. हौद्याच्या आकाराचा अख्खा प्लॅस्टिकचा साचा मिळायला लागला. उचलायचा आणि हौद्यात बसवायचा. नवी गाडी घेतली की पहिल्या दिवशी हा लायनर टाकायचा, म्हणजे पत्र्याला ओरखडा नाही.

आता इव्हान्सचा थेंब आठवा. साचा आणि पत्रा यांच्यामध्ये बारीक फट. त्यात वाळू जाते. गाडी हादरते आणि वाळू पॉलिश पेपरसारखी रंग घासते. पाणी शिरतं, पण वाळत नाही. हवा कडेला पोचते, मध्ये नाही. आठ-दहा वर्षांनी जुनी गाडी विकायला काढताना मालक मोठ्या अभिमानाने लायनर उचलतो, आणि खाली पत्र्याऐवजी जमीन दिसते. शिवाय प्लॅस्टिकची एक वेगळीच तऱ्हा निघाली. त्यावर पेट्रोलचा कॅन ठेवून भरला तर स्थिर वीज जमिनीत उतरत नाही आणि ठिणगी पडून भडका उडू शकतो. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कामगारसुरक्षा संस्थेने त्याबद्दल इशारा काढला. कॅन खाली जमिनीवर ठेवूनच भरा, असं त्यात सांगितलं होतं.

त्यावर उतारा म्हणून फवारायचे लायनर आले. ऱ्हायनो लायनिंग्ज १९८८ मध्ये, लाइन-एक्स १९९३ मध्ये. पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा जाड, खरखरीत थर थेट पत्र्याला चिकटतो, मध्ये फटच राहत नाही. माझ्या मते आजवरच्या उपायांतला हा सगळ्यात प्रामाणिक. अट एकच, की खालचा पत्रा आधी पूर्ण स्वच्छ झाला पाहिजे. गंजावर फवारलात तर गंजाला पक्कं घर बांधून दिलंत.

आणि मग पत्राच नको, असं म्हणणारेही आले. जनरल मोटर्सने २००१ मध्ये शेवरोले सिल्व्हराडोला कॉम्पोझिट हौदा देऊन बघितला. ग्राहकांनी जास्तीचे पैसे मोजले नाहीत आणि तो बंद पडला. २००५ च्या नव्या टोयोटा टॅकोमाने मात्र काच-तंतू आणि राळ यांच्यापासून दाबून बनवलेला हौदा सर्रास दिला. याला गंज लागणं शक्यच नाही. वाळू घाला, खत घाला, मिठाचं पाणी ओता.

त्याच टॅकोमाची गोष्ट मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात बोलकी वाटते. २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० च्या जुन्या टॅकोमांची चेसिस गंजून भोकं पडत असल्याचं मान्य केलं, वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि वाईट अवस्थेतल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतल्या. लोकांना वाटलं, जुनं दुखणं होतं, मिटलं. पण २०१६ मध्ये आणखी एका दाव्यात कंपनीने समझोता केला. त्यात २००५ ते २०१० च्या टॅकोमा होत्या. म्हणजे तीच गाडी, जिच्या हौद्याला गंज लागूच शकत नव्हता. हौदा चकचकीत आणि त्याला पेलणारी चेसिस खालून सडलेली. टंड्रा आणि सेक्वोया धरून सुमारे १५ लाख गाड्या, आणि खर्चाचा अंदाज ३४० कोटी डॉलरपर्यंत. पात्र ठरायची कसोटी होती चेसिसला १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक.

म्हणजे नऊ मिलिमीटरवाल्याने काय करायचं, हा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो.

फोर्डने २०१५ पासून एफ-१५० चा हौदा आणि केबिन ॲल्युमिनियमची केली. ती गंजासाठी नव्हे तर वजनासाठी. गाडी सुमारे ७०० पौंडांनी, म्हणजे ३१५ किलोच्या आसपास हलकी झाली. पुढच्याच वर्षी शेवरोलेने जाहिरात काढली. दोन्ही गाड्यांच्या हौद्यांत ८२५ पौंडांचे काँक्रीटचे ठोकळे वरून ओतले. पोलादी हौद्याला पोचे आले, ॲल्युमिनियमला भोकं पडली. जाहिरात एकतर्फी होती, पण बघायला मजा येते. त्यात जे दाखवलं नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ॲल्युमिनियमचा हौदा शेवटी पोलादी चेसिसवरच बसतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे पुन्हा डेव्हीचं जहाज. इथे उतावीळ धातू ॲल्युमिनियम. म्हणून अशा प्रत्येक सांध्यात दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवायची काळजी घ्यावी लागते, बोल्टसुद्धा मुलामा दिलेले लागतात.

०००

एवढं वाचून मी गेल्या जुलैत मामाकडे गेलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. गाडी रिकामी असते ती तेवढेच दोन महिने, आणि पत्र्याच्या कामासाठी वर्षातले सगळ्यात वाईट दोन महिने तेच. ग्राइंडरने पांढरा केलेला पत्रा कोकणच्या पावसाळी हवेत रात्रभर उघडा राहिला, तर सकाळी तांबूस झालेला असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाडी बंदरावर उभी नसेल तर व्यापारी दुसरी गाडी लावतात, आणि लावलेली गाडी सहसा बदलत नाहीत. वर बँकेचा हप्ता.

मामाने तीन वर्षांपूर्वी हौद्यात जाड रबरी चटई घातली होती. मासळीचे क्रेट सरकू नयेत आणि पत्रा वाचावा म्हणून. चटई उचलली तेव्हा पुढच्या डाव्या कोपऱ्यात हात आरपार गेला. घराशी उतारावर गाडी त्याच बाजूला कलून उभी असते.

मिस्त्रींनी तळाचा कुजलेला भाग कापला आणि तीन मिलिमीटरची चेकर प्लेट वेल्डिंग केली. ठिगळ मारलं नाही, थेट चांगल्या पत्र्यापर्यंत गेले. मी त्यांना विचारलं, की पहिला हात कशाचा देणार. म्हणाले, “रेड ऑक्साइड. सगळे तेच मारतात.” आता गंमत अशी, की रेड ऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचा ऑक्साइड, रसायनाच्या भाषेत गंजाचाच सख्खा भाऊ. तो थर पाण्याला अडवतो, पण चरा पडला की संपला. त्याआधीच्या काळी पूल आणि जहाजांना शिशाचा लाल ऑक्साइड फासायचे, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलालाही सुरुवातीला तोच होता. आपण मारुतीला चढवतो तो शेंदूर म्हणजे पारंपरिक अर्थाने तोच पदार्थ. तो लोखंडावर उत्तम चालायचा, पण शिसं विषारी म्हणून मागे पडला. आम्ही खेडहून जस्ताची भुकटी भरपूर असलेला प्रायमर आणला. त्याला पत्रा अगदी उघडा आणि स्वच्छ लागतो, कारण जस्त लोखंडाला थेट टेकलं तरच स्वतःचा बळी देऊ शकतं. म्हणून घासणं आणि प्रायमर एकाच दुपारी, ताडपत्रीखाली, बाजूला हॅलोजन लावून.

ज्या सांध्यांत ब्रश पोचत नव्हता, तिथे गंज बदलणारं रसायन लावलं. त्यात टॅनिन असतं. ते गंजाशी जुळून काळा, घट्ट थर बनतो. मिस्त्रींना हे नवीन वाटलं. पण सह्याद्रीतल्या हिरड्यात हेच टॅनिन असतं, आणि हिरडा नि हिराकस यांची काळी शाई जुन्या काळी याच रसायनावर चालायची. हे ऐकून मामा म्हणाला, “म्हणजे आजोबांच्या दौतीतली शाई गाडीला फासतोयस?” तसंच काहीसं.

त्याने स्वतःही एक गोष्ट सुचवली. खालच्या पोकळ्यांत माशाचं तेल मारूया. पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांना माशाचं तेल चोळायची पद्धत जुनीच आहे. मी हसलो नाही, कारण अमेरिकेतली रस्ट-ओलियम ही गंजरोधक रंगांची कंपनी १९२१ मध्ये रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या जहाजाच्या कप्तानाने काढली, ती गंजलेल्या डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाखाली गंज पुढे सरकत नाही हे बघूनच. जी मासळी हौदा खाते, तिचंच तेल. वास येईल म्हणून मामीने नको म्हटलं, पण मासळीच्या गाडीला आणखी कसला वास येणार होता?

चटई परत घालायची नाही, हे ठरलं. त्याऐवजी प्लॅस्टिकची जाळी, खालून हवा खेळेल अशी. चारही कोपऱ्यांत पाणी जायला भोकं, आणि त्या भोकांना खाली नळ्या, म्हणजे खारं पाणी चेसिसवर न पडता थेट जमिनीवर पडेल. नळ्यांचं मी टॅकोमाची गोष्ट सांगून पटवलं.

ती गोष्ट ऐकून मिस्त्री काही बोलले नाहीत. हातोडी घेऊन गाडीखाली सरकले आणि चेसिसवर मागून पुढे ठोकत निघाले. टण. टण. टण. प्रत्येक वितीवर एक. आम्ही दोघं बाहेर उकिडवे बसून ऐकत होतो. वर पत्र्याच्या शेडवर पाऊस. उजवी बाजू पूर्ण झाली. मग डावी. पुढच्या कोपऱ्याच्या खाली, जिथे तीन वर्षं चटईखालचं पाणी गळत होतं, तिथे आवाज बदलला. त्यांनी पुन्हा ठोकलं. थप.

“केवढ्याला पडेल?” मामाने विचारलं.

“हौदा उतरवल्याशिवाय सांगता येत नाही, भाऊ,” मिस्त्री खालूनच म्हणाले.

बंदी उठायला अकरा दिवस होते.